फुकट पिशवीची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास खांदेश्वर स्टेशनात पनवेल लोकल शिरते. हार्बर लाइनवरचे हे शेवटून दुसरे स्टेशन. सीएसएमटीला गाडीत बसलेल्या माणसाचा इथे येईपर्यंत सव्वा तास तरी गेलेला असतो. खांद्याला ऑफिसची बॅग, तिच्यात रिकामा डबा, आणि मनात घरून आलेला निरोप: येताना मेथी आणा, लिंबे आणा, जमले तर अर्धा किलो टोमॅटो. स्टेशनाबाहेर भाजीवाल्या बसलेल्या असतात. तो भाजी निवडतो, पैसे देतो आणि मग दोघांपैकी कोणीतरी तो प्रश्न विचारतो. कधी ती विचारते, ‘पिशवी हाय काय?’ कधी तो विचारतो, ‘पिशवी आहे का?’

प्रश्न एवढासाच आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत तो केंद्र सरकारने विचारला, राज्य सरकारने विचारला, उच्च न्यायालयात विचारला गेला आणि दर वेळी त्याचे निराळे उत्तर निघाले. पर्यावरणाचा एखादा नियम येऊ घातला, की त्याचा खर्च किती आणि तो कोणाच्या खिशातून जाणार, याचा हिशेब आपल्याकडे कसा होतो किंवा होत नाही, हे समजून घ्यायला मोठ्या धरणाची नाही तर महामार्गाची गोष्ट सांगायची गरज नाही. ही पिशवी पुरे आहे. म्हणून आज मी तिची हकिगत सांगणार आहे.

खांदेश्वर हे नाव इथल्या महादेवाचे. खांदा गावाजवळ तळे आहे, तळ्याकाठी देऊळ आहे. सिडकोची वसाहत आली, रेल्वे आली आणि देवाचे नाव स्टेशनाला मिळाले. आता नव्या पिढीला खांदेश्वर म्हटले, की आधी तिकीटखिडकीच आठवते. मी इथे राहतो, त्यामुळे माझे बरेचसे निरीक्षण स्टेशन ते घर एवढ्या वाटेवरचेच आहे.

माझ्या लहानपणी बाजारात जायचे म्हणजे घरातून पिशवी घेऊन निघायचे. पिशवी दाराच्या मागे खुंटीला असे. बहुतेक वेळा जुन्या पँटच्या कापडाची. वाणी डाळ-साखर रद्दीच्या कागदात बांधून देई आणि आढ्याला टांगलेल्या रिळातून दोरा ओढून पुडीला असा काही वेढा घाली, की ती घरी येईपर्यंत सुटत नसे. तो दोराही आई गुंडाळून ठेवी. तेलाला आपली किटली न्यायची. दुधाची तर पद्धतच निराळी होती. १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली आणि मुंबईकरांना काचेच्या बाटलीतून दूध मिळू लागले. केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. त्या बाटलीचा हिशेब घरातल्या पोरांनासुद्धा ठाऊक होता, कारण बाटली फुटली तर मार पोरांनाच बसे.

हे सगळे फार पर्यावरणप्रेमाने चालले होते, असा आव मी आणणार नाही. वस्तू महाग होत्या आणि माणसाचे श्रम स्वस्त होते, एवढेच. पिशवी धुणे, बाटली विसळणे, दोरा गुंडाळणे ही कामे घरातल्या बायकांची होती. त्यांचा पगार कोणी मोजत नसे.

मग प्लॅस्टिक आले आणि ते काही परदेशातून उडत आले नाही. आपल्या खाडीच्या काठाशीच त्याचे कारखाने उभे राहिले. १९६०च्या दशकात तुर्भ्याच्या बाजूला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर पेट्रोरसायनांचा उद्योग आला. नोसिलचा नाफ्थ्याचा प्रकल्प १९६८चा. पुढे मुंबई हायचा वायू मिळू लागला, तेव्हा याच रायगड जिल्ह्यात नागोठण्याला आयपीसीएलचे मोठे संकुल उभे राहिले आणि तिथे पॉलिथिनचे दाणे तयार होऊ लागले. ज्या जिल्ह्यात आज नालेसफाईला पिशव्या काढतात, त्याच जिल्ह्यात त्यांचा कच्चा माल तयार होत होता. त्याने रोजगार दिला, गावांत पगार आले, घरे पक्की झाली. जमाखर्च लिहायचा तर ही जमेची बाजूही लिहावी लागेल.

हातात धरायच्या दोन बंदांची ती ओळखीची पिशवी मात्र स्वीडनची. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीतल्या स्टेन थुलिन या अभियंत्याने ती काढली आणि १९६५ मध्ये तिचे पेटंट झाले. आपले वडील ती पिशवी घडी घालून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. म्हणजे एकदा वापरून फेकायची कल्पना पिशवी काढणाऱ्याची नव्हती. ती फुकट मिळू लागली, तेव्हा फेकायची झाली.

आपल्याकडे १९९०च्या दशकात ती सर्वत्र झाली. उपनगरातल्या जगण्याला ती फार सोयीची होती. कापडी पिशवी ही घरून बाजाराला निघणाऱ्या माणसाची वस्तू. परंतु खांदेश्वर, कामोठे, कळंबोली असल्या वसाहतींत बाजाराला मुद्दाम निघतो कोण? नवरा-बायको दोघेही सकाळी लोकल पकडतात आणि खरेदी होते ती परतताना. वाटेवरच्या, न ठरवलेल्या खरेदीला फुकटच्या पिशवीची जोड मिळाली. ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या कधी फारशी ध्यानात आली नाही असे मला वाटते. त्यांनी पिशवीकडे वाईट सवय म्हणून पाहिले. त्या सवयीच्या मागे रोजचा अडीच तासांचा प्रवास होता.

नियमांची गोष्ट १९९९ पासून सुरू होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने प्लॅस्टिकच्या वापराबद्दल नियम केले. पिशवीची जाडी २० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, असे त्यात होते; ती किमान ८ इंच बाय १२ इंच असावी ही अट २००३च्या दुरुस्तीने आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरतात. तेव्हा केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पातळ वस्तू भाजीच्या गाडीवर उभे राहून कोणी आणि कशी मोजायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

मग जाडीवर एवढा भर का? इथे थोडे गणित करू या. आठ बाय बाराच्या पिशवीला दोन बाजू असतात. त्यांचे क्षेत्रफळ, जाडी आणि पॉलिथिनची घनता धरली, तर २० मायक्रॉनच्या पिशवीचे वजन सव्वादोन-अडीच ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत चारशेच्या वर पिशव्या. जाडी ५० मायक्रॉन केली, की पिशवी सहा ग्रॅमच्या आसपास जाते आणि किलोत पावणेदोनशेही बसत नाहीत. १२० मायक्रॉनची केली, तर चौदा ग्रॅम आणि किलोत जेमतेम सत्तर. समजा, पॉलिथिन शंभर रुपये किलो आहे. नुसत्या मालाचीच किंमत पहिल्या पिशवीत चोवीस पैसे होते, दुसरीत एकोणसाठ आणि तिसरीत एक रुपया चाळीस पैसे. चोवीस पैशांची पिशवी दुकानदार हसत फुकट देतो. एक रुपया चाळीस पैशांची देताना त्याचा हात अडखळतो.

मायक्रॉनचा नियम दिसायला तांत्रिक होता, पण मुळात तो किमतीचा नियम होता. कर न लावता, कराचे नाव न घेता पिशवी महाग करायची ती युक्ती होती. तिला दुसरेही एक कारण होते. कचरा वेचणाऱ्या बाईला भंगारवाला वजनावर पैसे देतो. एक किलो भरायला चारशे मळक्या पिशव्या वाकून उचलाव्या लागत असतील, तर ती त्या उचलणार नाही. ती बाटली उचलील, डबा उचलील, पिशवी गटारात राहील. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हापासून या बायकांच्या कामाचे मोल हळूहळू चर्चेत आले. पिशवी जाड झाली तर ती वेचण्याजोगी होते, हा विचार त्यातलाच.

युक्तीत खोच होती ती अशी. लोकांनी पिशव्या तितक्याच घेतल्या आणि त्या अडीचपट जाड झाल्या, तर प्लॅस्टिक अडीचपट लागणार. नियम यशस्वी व्हायचा तर संख्या निम्म्याच्याही खाली यायला हवी. ती येईल का, हे कोणी आधी मोजले होते, असे मला कुठे आढळले नाही.

पुढचा टप्पा २६ जुलै २००५चा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मुंबई बुडाली, कल्याण-बदलापूर बुडाले, रायगडात दरडी कोसळल्या, कळंबोलीत पाणी घरांत शिरले. पाणी ओसरल्यावर गटारांतून निघाल्या त्या पिशव्या. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने पिशव्यांवर बंदीची घोषणा केली. २००६ मध्ये नियम आले तेव्हा बंदीचे रूप बदलून ५० मायक्रॉनची अट झाली होती. त्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा कायदाही झाला. पुढे २०१८ची बंदी आली ती याच कायद्याच्या आधाराने.

पिशव्यांनी गटारे तुंबतात हे खरे आहे, ते डोळ्यांना दिसते. पण मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. त्या दुप्पट क्षमतेच्या कराव्यात असे १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात सांगून झाले होते आणि बारा वर्षे ते काम रेंगाळले होते. मिठी नदीचे पात्र दोन्ही काठांनी आवळले गेले होते. माधवराव चितळे यांच्या समितीने या साऱ्याची रीतसर तपासणी केली. भराव घालणाऱ्यांना जाब विचारणे कठीण. वाहिन्या रुंद करणे महाग. पिशवी मात्र कोणाच्याही हातात सापडते. म्हणून पुराच्या गुन्ह्यात पहिली अटक पिशवीला झाली. ती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. ती आरोपींच्या रांगेत बरीच मागे उभी असायला हवी होती, इतकेच.

२०११ मध्ये केंद्राने निराळे नियम केले. जाडी ४० मायक्रॉन, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची नाही. प्रथमच कायद्याने उघडपणे म्हटले, की पिशवीला किंमत असावी. २०१६च्या नियमांत जाडी पुन्हा ५० झाली आणि एक अजब कलम आले. ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लॅस्टिकची पिशवी द्यायची असेल, त्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि महिन्याला चार हजार, म्हणजे वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावेत. मॉलला ही रक्कम किरकोळ होती. स्टेशनाबाहेर गोणपाटावर बसणाऱ्या बाईला चार हजार रुपयांची पावती फाडून कोणी देऊ पाहील, ही कल्पनाच मला करवत नाही. ज्या कागदावर ‘फेरीवाला’ हा शब्द लिहिला गेला, तो लिहिणाऱ्याने फेरीवाल्याची एका दिवसाची विक्री कधी विचारली असेल काय? कलम पुरते अमलात आलेच नाही. मार्च २०१८ मध्ये ते गाळून टाकण्यात आले.

नेमक्या त्याच आठवड्यात महाराष्ट्राची अधिसूचना निघाली होती. तारीख २३ मार्च २०१८. आता मायक्रॉनचा घोळ नको, पिशवीच नको, असा तिचा रोख होता. बंद असलेली पिशवी, नसलेली पिशवी, थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे-पेले, आणि कापडासारख्या दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकच्याच धाग्याच्या त्या न विणलेल्या पिशव्यासुद्धा. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली नाही, मात्र घरातला माल निकालात काढायला लोकांना तीन महिने मिळाले. २३ जूनपासून अंमल सुरू झाला.

त्या दिवसांत खर्चाचे आकडे फार मोठ्याने बोलले गेले. पिशवी उत्पादकांच्या संघटनेने सांगितले, की उद्योगाचे पंधरा हजार कोटींचे नुकसान होईल आणि तीन लाख लोकांचा रोजगार जाईल. हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत आला. तो खोटा होता असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण तो नुकसान सोसणाऱ्याने स्वतः केलेला हिशेब होता. वर्तमानपत्रात त्याच्या शेजारी दुसरा आकडा असायला हवा होता. नाले साफ करायला, कचराभूमीला, गाईच्या पोटातून पिशव्या काढायला वर्षाला किती खर्च होतो आणि तो कोणत्या करातून? सरकारने तो आकडा तितक्याच ठळकपणे मांडला नाही. एका बाजूने हिशेब आणि दुसऱ्या बाजूने उपदेश, असे ते भांडण झाले.

मग सवलतींची रांग लागली. ज्यांना मंत्रालयाची पायरी ठाऊक होती ते आधी पोचले. अंमल सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत किराणा दुकानदारांना सुट्या मालाच्या वेष्टनासाठी जाड प्लॅस्टिकची मुभा मिळाली. थर्माकोलची मखरे करणारे कारागीर न्यायालयात गेले. त्यांचा धंदा वर्षातून एकदा, गणपतीत. जुलैमध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. नियम पर्यावरणासाठी योग्यच होता, आणि तरीही त्या कारागिरांनी चतुर्थीसाठी आधीच गुंतवलेले पैसे बुडणार होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला आपल्याला जड जाते.

दुधाच्या पिशवीची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. अधिसूचनेत म्हटले होते, की दुधाची पिशवी ५० मायक्रॉनहून पातळ नसावी आणि रिकामी पिशवी परत देणाऱ्याला पन्नास पैसे मिळावेत. कल्पना आरेच्या बाटलीचीच, पन्नास-साठ वर्षांनी परत आलेली. परंतु आरेची बाटली परत जात होती, कारण दूध देणारे, बाटली घेणारे आणि धुणारे सगळे एकाच साखळीत होते. पिशवीच्या बाबतीत गिऱ्हाइकाने ती कोणाला द्यायची, दुकानदाराने ती साठवायची कुठे, आंबूस वास मारणारा तो ढीग डेअरीपर्यंत नेणार कोण आणि पन्नास पैशांचे सुटे आणायचे कुठून? एक वर्षानंतर, जून २०१९ मध्ये, ही योजना महिन्याभरात सुरू होईल असे तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम विधानसभेत सांगत होते. माझ्या घरी आजवर किती दुधाच्या पिशव्या आल्या असतील! पन्नास पैशांचे नाणे एकीच्याही बदल्यात हाती आलेले नाही.

आधी हिशेब करणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर आयर्लंडचे उदाहरण घेऊ. तिथे मार्च २००२ मध्ये दर पिशवीमागे पंधरा सेंटांचा आकार सुरू झाला. त्यापूर्वी, १९९९ मध्ये, सरकारने या विषयाचा अभ्यास करवून घेतला होता. लोकांना विचारले, की एका पिशवीला जास्तीत जास्त किती द्याल? उत्तराची सरासरी अडीच सेंटांच्या आतच आली. मग आकार मुद्दाम त्याच्या सहापट ठेवला, म्हणजे माणूस देणार नाही, घरून पिशवी आणील. सुटी भाजी, फळे, मांस-मासळी यांच्या पिशव्यांना सूट दिली, कारण तिथे स्वच्छतेचा प्रश्न होता. आलेला पैसा पर्यावरणाच्या निधीत जाईल हे आधीच सांगितले. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या एकवीसवर आल्या. आयर्लंड चिमुकला, श्रीमंत देश आहे आणि तिथे प्रत्येक विक्रीची नोंद होते, हे मान्य. आपल्या गाडीवरच्या विक्रीला तो साचा बसणार नाही. पण आधी विचारायला श्रीमंती लागत नाही.

दुसरे टोक बांगलादेशचे. १९८८ आणि १९९८च्या महापुरांत गटारे तुंबल्याचे खापर पिशव्यांवर फुटले आणि २००२ मध्ये त्यांनी पातळ पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. जगात अशी बंदी घालणारा तो पहिला देश. तागाचा देश असूनही तागाची पिशवी प्लॅस्टिकइतकी स्वस्त करता आली नाही आणि काही वर्षांत बाजारात पिशवी परतली. आपल्याकडेही तसेच झाले. कारवाईचा जोर असेतो पिशवी गोणीखाली लपली. जोर ओसरला, की वर आली. केंद्राने २०२१च्या सप्टेंबरात जाडीची अट ७५ मायक्रॉनवर आणि २०२२च्या अखेरीस १२० मायक्रॉनवर नेली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तू देशभर बंद केल्या. तरीही स्टेशनाबाहेर ती पातळ, फडफडणारी पिशवी दिसत राहिली.

का दिसते, ते मी एकदा भाजीवालीलाच विचारले. या आमच्या मावशी खाडीकडच्या गावातल्या. त्या म्हणाल्या, ‘पिशवी नाय बोलली, की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडं. माझी मेथी चांगली हाय म्हणून थांबत नाय कोणी.’ दंडाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘पाच हजारांत माझा आठ दिसांचा माल येतो.’

त्यांचा हिशेब मी मग कागदावर मांडून पाहिला. आकडे माझे, धरून चाललेले. दिवसाला शंभर गिऱ्हाइके आणि प्रत्येकाला एक पिशवी, तर चोवीस पैशांनी दिवसाचे चोवीस रुपये होतात. तीच पिशवी कागदाची किंवा कापडाची, दोन रुपयांची घेतली तर दोनशे रुपये. हे एकशे शहात्तर रुपये मेथीच्या जुडीवर चढवता येत नाहीत, कारण पुढच्या पाटीवर जुडी जुन्याच भावाने मिळते. सगळ्या पाट्यांनी एकाच दिवशी पिशवी बंद केली तर कोणाचेच नुकसान नाही. एकीनेच केली, तर तिचे एकटीचे. दुकानांचे उलट झाले. मोठ्या दुकानांनी आपले नाव छापलेली कागदी पिशवी तीन-पाच रुपयांना विकायला काढली. म्हणजे जाहिरात त्यांची आणि पैसे आपले. चंदीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये अशा एका तीन रुपयांच्या पिशवीसाठी एका पादत्राणांच्या कंपनीला दंड केला, तो यामुळेच. एकाच नियमाने एकाला खर्च झाला आणि दुसऱ्याला विकायला नवी वस्तू मिळाली. दंड मात्र दोघांना सारखाच, पाच हजार.

आणि आपण घरी नेतो त्या कापडी पिशवीचे काय? तीही फुकट पडत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवण्यापासून सगळा हिशेब धरला, तर हवामानावरच्या परिणामापुरती एका साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. समारंभात, प्रदर्शनात, निवडणुकीत भेट मिळालेल्या माझ्या कपाटातल्या पिशव्या मी मोजल्या. तेवीस भरल्या. त्यातल्या दोनच वापरात आहेत. त्या मानाने आईची जुन्या पँटची पिशवी बरी. तिच्यासाठी नवा कापूस लागलाच नव्हता.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तेव्हापासून नालेसफाई, कचरा आणि प्लॅस्टिकची कारवाई ही कामे हळूहळू तिच्याकडे आली. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ काढून काठावर वाळत टाकतात. त्या ढिगाकडे एकदा थांबून पाहा. वर रंगीत पातळ पिशव्या, मध्ये दुधाच्या, खाली चिखलाच्या रंगाच्या झालेल्या. तो काढायचे पैसे घरपट्टीतून जातात, म्हणजे ज्याने पिशवी घेतली त्याचेही आणि ज्याने नाही घेतली त्याचेही. भाजीच्या भावात न दिसलेली किंमत इथे दिसते.

गेल्या वर्षी मावशींनी स्वतःच एक उपाय काढला. सुनेकडून जुन्या साड्यांच्या बारा पिशव्या शिवून घेतल्या. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पिशवी नसली, की त्यातली एक द्यायची, त्याने दुसऱ्या दिवशी आणून द्यायची. अनामत नाही, वही नाही. परवा मी विचारले, कसे काय चालले आहे? म्हणाल्या, आठ फिरतात. चार गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘त्यातली एक तुमच्याकडं हाय, निळ्या फुलांची.’